जयवंत घाडी यांचे कवटी उघडण्यापूर्वीचे इच्छापत्र

मी, जयवंत दत्ताराम घाडी, वय सत्तावन्न वर्षे पूर्ण, शिक्षण शाळेत नववीपर्यंत व त्यापुढे माझे मीच, धंदा मसाल्याची भाजणी व कांडप, राहणार लालबाग, मुंबई १२, हा कागद माझ्या हाताने, निळ्या शाईने, चार बैठकांत लिहून ठेवीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, आणि पाजलेले तर मुळीच नाही. तेही डॉक्टरांनी दहा तारखेपासून बंद केले आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला म्हणून नमूद करतो की माझी मुलगी दर्शना हिने काल मला सतराचा पाढा विचारला, तो मी न अडखळता म्हटला. मग मी तिला एकोणतीसचा विचारला. ती बी.कॉम. आहे. तिने मोबाइल काढला.

डोके ठिकाणावर आहे, फक्त त्यात एक गाठ आहे. कपाळाच्या मागे, नाकाच्या वर, ३.८ सेंटिमीटर. माझी पत्नी कालिंदी शेजारीपाजारी ‘लिंबाएवढी’ असे सांगते. लिंबे बाजारात सहा आकारांची मिळतात, म्हणून ते वर्णन येथे ग्राह्य धरू नये. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, परंतु जागा वाईट आहे. येत्या मंगळवारी, १८ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेसात वाजता, परळच्या हॉस्पिटलात (नाव व पत्ता सोबतच्या फाइलीत, पान १) माझी कवटी उघडून ती काढणार आहेत.

वकिलांनी या कामासाठी तीन पानांचा इंग्रजी नमुना दिला. मी तो डिक्शनरी घेऊन दोनदा वाचला आणि चार चुका काढल्या. वकिलांनी दोन मान्य केल्या, उरलेल्या दोन त्यांना कळल्या नाहीत. तो नमुना भरून यास जोडला आहे. पण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता ‘पेशंट’ आहे, जयवंत घाडी कुठेच नाही. म्हणून हा मराठी कागद.

कलम १. हा कागद कशाचा

मी मेलो तर काय करायचे हे आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहे. सामान कुठून आणायचे, फोन कोणाला करायचे, रडायला आधी कोण येणार आणि चहाच्या वेळेला कोण. मी बरा झालो तर काय करायचे हेही कोणी शिकवायला नको. प्रश्न मधल्या अवस्थेचा आहे. मेलो नाही, उठतही नाही, श्वास मशीन घेते आहे, आणि डॉक्टर घरच्यांना विचारताहेत, ‘आता पुढे काय करायचं?’ तेव्हा मला तोंड नसेल. म्हणून तोंड आहे तोवर लिहितो.

माझ्या वतीने ‘आता पुरे’ हे शब्द एकाच माणसाने बोलायचे आहेत. तो माणूस कोण, हे कलम सातमध्ये येईल. आज बुधवार, दिनांक १२. आजपर्यंत ती जागा रिकामी आहे, कारण घरात त्यावरून भांडण चालू आहे आणि मी हरतो आहे.

कलम २. गाठ कशी सापडली

हे लिहिण्याची कायद्याने गरज नाही. पण गल्लीत याच्या तीन आवृत्त्या फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

गेल्या मे महिन्यात, ऐन हंगामात, एका गिऱ्हाईक बाईंचे पाच किलो धणे माझ्या कढईत करपले. कढईसमोर मी उभा, उलथणे माझ्या हातात. त्या बाई स्टुलावर बसून होत्या. आमच्याकडे प्रत्येक बाई आपला मसाला कुटून होईपर्यंत डंकापासून, म्हणजे कुटायच्या मशीनपासून, हलत नाही. दुसरीची मिरची आपल्यात मिसळेल हा संशय. त्या ओरडल्या, “ओ घाडी, जळतंय ना ते!”

मी म्हणालो, “बाई, रंग असाच यायला लागतो. एकतीस वर्षं भाजतोय मी.”

हे मी खोटे बोललो. मला काही म्हणजे काहीच वास आला नव्हता.

माझी चूक अशी झाली की मिरची भाजताना मला ठसका लागत होता, डोळ्यांतून पाणी येत होते, शिंका येत होत्या. म्हणून नाक शाबूत आहे असे धरून मी चाललो. पुढे डॉक्टरांनी सांगितले की वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. गाठ बसली होती ती वासाच्या नसेवर. एकतीस वर्षे नाकावर पोट भरणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते, याची लाज वाटते. आता ठाऊक आहे. दोन्ही नसांची नावे मी पाठ केली आहेत, कोणीही विचारावीत.

मे ते सप्टेंबर मी घड्याळ लावून, रंग बघून आणि कानाने भाजले. कोणाला कळले नाही असे मला वाटत होते. गणपती गेल्यानंतर कालिंदीने माझी परीक्षा घेतली. तिने सुक्या बोंबलांची पुडी माझ्या उशीच्या अभ्र्यात घातली. तीन दिवस मी त्या उशीवर झोपलो. चौथ्या दिवशी सकाळी तीच पुडी माझ्या चहाच्या कपाशेजारी आली.

“हे काय?”

“बोंबील. तुमच्या उशीतले.”

“उशीत कशाला ठेवलेस?”

“दर्शना तीन दिवस नाकाला ओढणी बांधून वावरतेय घरात. तुम्हाला काहीच नाही?”

मी म्हटले, “मला वाटलं, खाली कोणाकडे भाजतायत.”

“वास आला असता तर वाटलं असतं ना तसं,” ती म्हणाली. “उठा. शर्ट घाला.”

त्या शर्टावर मी दवाखान्यात गेलो. आठ दिवसांत बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. खरी हकिकत एवढीच. ‘चक्कर येऊन कढईत पडला’ हे सपशेल खोटे आहे.

कलम ३. डॉक्टरांनी काय करावे व काय करू नये

(अ) मंगळवारी व त्यापुढे डॉक्टरांना जे जे शक्य वाटेल ते सर्व करावे. मी बरा होण्यासाठी चाललो आहे. हा कागद हातात आहे म्हणून कोणी पहिल्याच दिवशी उत्साह दाखवू नये.

(आ) परंतु कायद्यात सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या मंडळांनी मला तपासून, हा आता शुद्धीवर येणार नाही, सुधारण्याची आशा नाही, असे लेखी दिले, तर श्वासाचे मशीन, रक्तदाबाचे पंप, डायलिसिस आणि छातीवर बुक्क्या मारणे यांपैकी काहीही करू नये. चालू असल्यास बंद करावे.

(इ) त्याच अवस्थेत नाकातून नळी घालून पांढरे पातळ अन्नही चालू ठेवू नये. ज्याने गेली एकतीस वर्षे अर्ध्या लालबागचे जेवण तिखट केले, त्याला शेवटी भाताची पेज आणि तीही बिनमिठाची, हा अपमान आहे.

(ई) दुखणे आणि श्वासाची तडफड थांबवण्याचे औषध मात्र शेवटपर्यंत द्यावे. त्यात काटकसर नको. मी शूर नाही. दाढ काढताना मी कंपाउंडरचा हात चावला होता.

(उ) हे नीट वाचावे: बोलणे गेले, एक बाजू गेली, नावे आठवेनाशी झाली, तर ते कलम (आ) मध्ये बसत नाही. एवढ्यावर मला मोडीत काढू नये. मी डाव्या हाताने शिकेन. आजवर जे येते ते असेच शिकलो, कोणी शिकवले नाही.

कलम ४. नाकाशी मसाला धरण्यास मनाई

मी बेशुद्ध असताना घरची माणसे काय करतील हे मला आजच दिसते आहे. कोणीतरी आमच्या मसाल्याची पुडी पदराआडून आत नेईल, माझ्या नाकाशी धरील आणि बाहेर येऊन सांगेल, “हलले पण नाहीत हो. आता काही राहिलं नाही.”

याला माझी सक्त हरकत आहे. मी पूर्ण शुद्धीत असतानाही हलणार नाही. मला वास येत नाही.

उलट कोणी लवंगी मिरचीची पूड धरली तर मला शिंक येण्याची शक्यता आहे, कारण झोंबण्याची नस चांगली आहे. त्या शिंकेवरून ‘परत आले, परत आले’ असा गोंधळ करून पेढे वाटू नयेत. शिंक हा पुरावा नाही. पुरावा काय ते डॉक्टर ठरवतील.

कलम ५. कौलाबाबत

माझे थोरले बंधू रघुनाथ, म्हणजे रघुदादा, गावी असतात. आमच्या गावात मोठा निर्णय असला की देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मी देवीला मानतो. आमच्या घरचा माणूस मानत नाही असे होतच नाही.

गेल्या आठवड्यात कालिंदीने माझ्या पाठीमागे गावी फोन लावला. पाठीमागे म्हणजे मोरीत. आमची खोली दहा बाय पंधरा आहे. मोरीतले मला सगळे ऐकू येते. पलीकडून रघुदादाचा आवाज तर फोनशिवायही आला असता.

“देवीन डावो कौल दिल्यान गो. मंगळवार नको म्हणता.”

“भावोजी, फुलं ताजी होती ना?”

“होती मां.”

“नीट चिकटवली होती? परत लावा.”

“बरां, गुरवाक सांगतंय.”

अर्ध्या तासाने फोन आला, उजवा. अशा रीतीने माझ्या मेंदूच्या ऑपरेशनला देवीची परवानगी दुसऱ्या फेरीत मिळाली. मी मोरीबाहेर उभा राहून कालिंदीला म्हटले, “तिसऱ्यांदा लावून बघ, कदाचित गाठच नाही म्हणेल.”

हसण्याचे एवढे पुरे. नऊ वर्षांपूर्वी आमची आई, गंगुबाई, एकोणीस दिवस मशीनवर होती. रोज अकरा वाजता डॉक्टर बाहेर येऊन विचारत, “काय ठरलं तुमचं?” मी रघुदादाकडे बोट दाखवायचो, तो गावी फोन लावायचा. चार वेळा कौल लागला. एकदा डावा, एकदा उजवा, पुन्हा डावा. चौथ्या वेळी दोन्ही कळ्या दिवसभर पडल्याच नाहीत. विसाव्या दिवशी आईने आमची वाट बघणे सोडले आणि आपले आपण गेली. मसाल्यात जायपत्री किती हे गिऱ्हाइकाला दटावून सांगणारा मी, तिथे एक शब्द बोललो नाही. त्या एकोणीस दिवसांत आईचे हात बांधून ठेवले होते, नळ्या ओढू नयेत म्हणून. ते मी लिहून ठेवतो आहे. कोणाला दोष द्यायला नाही. द्यायचाच तर मला.

म्हणून माझ्या मशीनबाबत कौल लावण्यास या कलमाने बंदी आहे. रघुदादाने हवे तर गाऱ्हाणे घालावे, नारळ माझ्यातर्फे ठेवावा. गाऱ्हाणे म्हणजे मागणे, कौल म्हणजे विचारणे. मागायला माझी हरकत नाही. विचारायचे ते मला विचारा. मी इथे उत्तर लिहिले आहे.

कलम ६. वस्तूंची वाटणी

वकील म्हणाले, वस्तूंचा कागद वेगळा करा. खोली आणि गाळा कालिंदीच्या नावावर करण्याचा रीतसर कागद वेगळा केलाच आहे. येथे फक्त त्या वस्तू, ज्यांचे मोल सरकारला कळणार नाही.

मीराबाई माझ्याबरोबर बावीस वर्षे भाजणीला उभ्या आहेत. मे ते सप्टेंबर माझे नाक त्यांनी झाकले. धणे उतरवायची वेळ झाली की त्या शेजारच्या कढईच्या काठावर उलथण्याने दोनदा वाजवत. मला वाटे, सवय असेल. सप्टेंबरात मी विचारले, तर म्हणाल्या, “सवय कसली दादा? एप्रिलपासून वाजवतेय. तुम्ही विचारायची वाट बघत होते.” म्हणजे माझ्या आधी एक महिना त्यांना कळले होते. धणे करपले त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

आणखी एक. आमच्या मसाल्यातले दगडफुलाचे प्रमाण मी शोधून काढले असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. ते मीराबाईंनी शोधले. मी फक्त वहीत लिहिले, अक्षर माझे चांगले म्हणून.

नाक परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, गाठ निघाली तरी. तेव्हा पुढील देणगी मी जगलो तरी लागू आहे: भाजणीची मोठी कढई, लांब दांड्याचे उलथणे आणि भाजणीवरचा शेवटचा शब्द मीराबाईंचा. पाटीवर ‘घाडी मसाले’च्या खाली ‘भाजणी: मीराबाई’ असे लिहावे. हे मी त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “पाटीवर धूर बसतो दादा, कोण वाचतंय? त्यापेक्षा माझ्या बाजूला पंखा लावा.” पाटी आणि पंखा दोन्ही. पंखा सोमवारपर्यंत.

प्रमाणाच्या सात वह्या दर्शनाला. ती परळला टॉवरमध्ये नोकरीला आहे आणि तिच्या डब्यात सॅलड असते, तरीही. तिला वह्या मोबाइलवरून जगाला दाखवायच्या असतील तर प्रमाण दाखवावे, क्रम दाखवू नये. प्रमाण कोणालाही ठाऊक असते. काय आधी भाजायचे यातच सगळे आहे.

ते करपलेले पाच किलो धणे मी टाकलेले नाहीत. बाईंना त्याच दिवशी नवे भरून दिले. करपलेले पोत्यात बांधून माळ्यावर आहेत. ते आमच्या समोर डंक चालवणारे भिवा नाईक यांना द्यावेत. ‘घाड्याच्या नाकात कापूस घातलाय’ असे त्यांनी भर गल्लीत म्हटले होते. त्यांच्या मसाल्यात हे धणे घातल्यास कोणालाही फरक कळणार नाही, याची मी खात्री देतो.

कलम ७. ‘आता पुरे’ कोणी म्हणायचे

(या ठिकाणी लिहिलेले एक नाव व पोटकलम (क) मधील एक आकडा खोडला आहे. खाडाखोड माझी. ज. द. घाडी)

बुधवारी मी कालिंदीला म्हटले, “तुझे नाव घालतो.”

“काय म्हणून?”

“डॉक्टरांनी विचारले तर सांगायला. मशीन बंद करा म्हणून.”

“मी नाही सांगणार.”

“कायद्याने कोणीतरी लागते.”

“मग कायद्याला बोलवा सांगायला. मी उपासतापास करते तुमच्यासाठी आणि मीच बंद करा म्हणू? तोंड झडेल माझं.”

रघुदादा का नाही, ते कलम पाचमध्ये आले. उरली दर्शना. ती म्हणाली, “पप्पा, माझं घाला. मला जमेल. मी सगळं लिहून घेईन, एकेक टिक करत जाईन.” तिचा आवाज अगदी ऑफिसातला होता, पण हातातल्या पेनाचे टोपण ती लावत होती, काढत होती. मी ते पाहिले आणि तरीही गुरुवारी तिचे नाव लिहिले. मला वाटले, काम झाले. मला कागद पुरा झालेला आवडतो.

संध्याकाळी दर्शना कामावरून यायच्या आत कालिंदीने कागद वाचायला घेतला. चष्मा लावून, पहिल्यापासून. भिवाच्या धण्यांपाशी हसली. आईच्या कलमापाशी थांबली आणि म्हणाली, “हे अर्धवट आहे.”

“काय अर्धवट?”

“तुम्ही बोलला नाहीत, ते लिहिलंत. तुम्ही आत गेला नाहीत, ते लिहिलं नाही. एकोणीस दिवसांत एकदा तरी आईंजवळ बसलात? बाहेर लाद्या मोजत होतात.”

दोनशे शहाऐंशी होत्या. तिचे म्हणणे खरे आहे, म्हणून येथे दाखल करतो.

मग ती या कलमापाशी आली. दर्शनाचे नाव वाचले. चष्मा काढला.

“सत्तावीस वर्षांची आहे ती. अजून पन्नास वर्षं जगायचीय तिला. बापाचं मशीन मी बंद करायला सांगितलं, हे घेऊन जगेल? खोडा.”

“मग कोण?”

“माझं लिहा.”

“तू तर म्हणालीस...”

“लिहा म्हटलं ना. तोंड झडायचं तर माझं झडू दे.”

मी लिहिले. आता तो मजकूर असा:

(क) कलम ३ (आ) मधील अवस्था आल्यास माझ्या वतीने निर्णय सांगण्याचा अधिकार एकट्या सौ. कालिंदी जयवंत घाडी हिचा. दोन्ही मंडळांचा लेखी निर्णय तिला कळल्यापासून ____ तासांच्या आत तिने तो डॉक्टरांना कळवावा. तिच्यावर कोणीही दबाव आणू नये, तिला नंतर कोणीही विचारू नये, आणि चाळीत कोणी कुजबुजल्यास त्याला हा कागद मोठ्याने वाचून दाखवावा, सगळा, पहिल्या पानापासून.

रिकाम्या जागी मी ४८ लिहिले होते. वकिलांच्या नमुन्यात ७२ होते, ते मला जास्त वाटले.

“अठ्ठेचाळीस कोणी ठरवले?” तिने विचारले.

“मी. दोन दिवस पुरे होतात.”

“कशाला पुरे होतात?”

मी वकिलांचा नमुना उलटून पाहिला.

“तुम्ही सगळं लिहिलंत,” ती म्हणाली. “किती डॉक्टर, कुठली नळी, कुठली मिरची. मी तिथं काय करायचं ते नाही लिहिलं. तर ऐका. मी तुमच्याजवळ बसणार. बोलायचं ते बोलणार. एकोणतीस वर्षांचं आहे, दोन दिवसांत होईल कशावरून? झालं की उठेन, बाहेर येईन, सांगेन डॉक्टरांना, पुरे.”

“आणि झालंच नाही तर? बसूनच राहिलीस तर?”

“तर तुमचं हे सगळं लिहिलेलं फुकट.” तिने कागद माझ्यासमोर सरकवला. “आहे कबूल? असेल तर आकडा खोडा. नसेल तर माझं नाव.”

मी तिला समजावले की कायद्याच्या कागदात वेळ अशी उघडी टाकत नाहीत. आठ दिवस लिहितो म्हणालो. पंधरा म्हणालो. तिने गॅसवर भाताचा कुकर चढवला. तीन शिट्ट्या झाल्या, तेवढा वेळ मी पेन हातात धरून बसलो होतो. मग आकडा खोडला.

आज सकाळी वकिलांनी ही जागा पाहून सांगितले की यावरून पुढे वाद होऊ शकतो. वाद होणारच आहे. तो कालिंदीत आणि माझ्यात होईल, आणि त्यात मला एक शब्दही बोलता येणार नाही. अशा वादाची ती लग्नापासून वाट बघते आहे.

तासांची जागा नजरचुकीने राहिलेली नाही. ती मी मोकळी ठेवली आहे. ती दुसऱ्या कोणीही भरू नये.

शेवट

हा कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः मोठ्याने वाचला. त्याच्या चार प्रती: एक हॉस्पिटलच्या फाइलीत, एक आमच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे जमा, एक घरी. मीराबाईंना यातून लाभ होत असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही. त्या रागावल्या आहेत, त्यांची समजूत पंख्याने घालावी.

लिहून ठेवणार: जयवंत दत्ताराम घाडी (सही)

साक्षीदार १: हितेंद्र दामजी फुरिया, मसाल्याच्या जिनसांचे व्यापारी, मस्जिद बंदर. आमच्यासमोर सही केली. सही करण्याआधी माझ्या नावातली वेलांटी त्यांनी तपासली. (सही)

साक्षीदार २: गौतम सखाराम जाधव, शाळासोबती, पूर्वी बीडीडी चाळ, वरळी, आता त्याच जागी नवीन इमारत, बाविसावा मजला (मजला लिहावा असा साक्षीदाराचा आग्रह). लिहून ठेवणाऱ्याला मी सहावीपासून ओळखतो. तेव्हापासून आजच्याइतका गप्प तो कधी नव्हता, पण शुद्धीवर आहे. (सही)

नोटरीसमोर सह्या झाल्या. शिक्का मागील बाजूस.

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

अधिकार स्वीकारणारीचे निवेदन, तिच्या हस्ताक्षरात:

मी सगळं वाचलं. कलम सातमधली मोकळी जागा बघितली, मग सही केली. दर्शनाचं नाव नीट खोडलेलं नव्हतं, ते मी परत खोडलं.
कालिंदी जयवंत घाडी (सही)